तिसऱ्या पिपाचं गिऱ्हाईक

आमच्या इताता खोऱ्यातल्या द्राक्षमळ्यांच्या टेकड्यांवर शनिवार म्हणजे दाराचा दिवस. सकाळी मी वाइनच्या कोठाराचं दार उघडते आणि वेताच्या जाळीत बसवलेले काचेचे बुधले घेऊन लोक रांगेला लागतात. एकतीस वर्षं झाली. नवरा गेला त्या आठवड्यातला शनिवारसुद्धा मी चुकवला नाही. कुणाची गाय व्याली, कुणाची सून रुसली, बुधला भरेपर्यंत मला सगळं कळलेलं असतं.

म्हणून डेन्मार्कच्या येस्पर नावाच्या वाइन व्यापाऱ्याचं पत्र आलं तेव्हा मला ते चुलीत घालावंसं वाटलं. त्याला आमची सगळी वाइन हवी होती, बाटल्यांत भरून, कोपनहेगनला न्यायला. अट एकच: दारावर एक थेंबही सुटा विकायचा नाही. तिकडच्या दुकानांना म्हणे दुसरीकडे कुठे न मिळणारी वस्तूच लागते.

माझा भाऊ मीनो मात्र हवेत. वेली त्याच्या, पिपं त्याची, सही त्याची. माझ्याकडे फक्त दार.

"बाबांच्या वाइनला जन्मभर लोकांनी 'सुटी, सुटी' म्हणून हिणवलं," तो म्हणाला. "आता बाटलीवर त्यांचं नाव लागेल, नोल्फा."

"आणि शनिवारी मी काय करू?"

"आराम कर की."

"आराम थडग्यात गेल्यावर करीन!"

येस्पर आला तोही नेमका शनिवारी. उंच, गोरापान, गुडघे फाटलेली पँट. स्पॅनिश सावकाश बोलायचा, पण नीट. मीनोने रविवारचा कोट चढवला होता. त्याने पहिल्या पिपातून, बाबांच्या पिपातून, पेला भरून दिला. येस्परने पेला फिरवला, हुंगला, घोट तोंडात खेळवला आणि पचकन बादलीत थुंकला.

रांगेतले सगळे माना उंचावून बादलीत बघायला लागले. आमच्याकडे वाइनमध्ये माशी पडली तर माशी थुंकतात, वाइन नव्हे. सगळ्यात पुढे म्हातारा ओसियेल उभा होता, त्याने तर छातीवर क्रूसाची खूण केली.

"छान आहे," येस्पर म्हणाला. दुसऱ्या पिपाचंही तेच: पचकन, आणि छान आहे. "सगळी घेतो." त्याने खिशातून पेन काढलं.

मीनोचा चेहरा उतरला होता, तरी हात पुढे झालाच. माझं दार माझ्या डोळ्यांदेखत बंद व्हायला लागलं. आता मी गप्प बसणार होय!

"साहेब, सगळी घेताय तर सगळी चाखून घ्या," मी गोड आवाजात म्हणाले. "तिसरं पीप राहिलं."

मीनोने माझ्या पायावर पाय दिला. मी पाय काढून घेतला आणि पेला भरला.

तिसरं पीप म्हणजे उरलंसुरलं. लोक बुधला भरायला आणतात तेव्हा त्याच्या तळाशी चार बोटं जुनी वाइन राहिलेली असते. तिच्यावर ताजी ओतायची नाही, हा बाबांचा नियम. ती उरलेली या पिपात जाते. त्यातली आंबट वाइन घेऊन मी लोणच्याचे कांदे मुरवते. हे चाखलं की पाहुणा पेन-कागद टाकून पळेल, असा माझा हिशेब.

येस्परने घोट घेतला. मी बादली पुढे सरकवली. पण पठ्ठ्याने गिळला! डोळे मिटले, पेला रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला.

"ही! मला हीच पाहिजे. कुठल्या मळ्यातली? कुठल्या साली?"

"सगळ्या सालांची," मी म्हणाले. "चाळीस घरांतली." आणि करायला गेले एक नि झालं भलतंच, म्हणून खरं ते सगळं सांगून टाकलं, कांद्यांसकट.

तो हसेल वाटलं. त्याने वहीत लिहून घेतलं.

"म्हणजे दार बंद झालं तर..."

"उरणार कुठून? पुढच्या वर्षी या पिपात कोळी राहतील."

"आणि मी माझा बुधला पुरता संपवला तर?" ओसियेलने रांगेतून विचारलं.

"कृपा करून संपवू नका," येस्पर कळवळून म्हणाला.

करार झाला. वर्षाला तिसऱ्या पिपातल्या चारशे बाटल्या, बस. अटही एकच, पण उलटी: दार दर शनिवारी उघडं राहिलं पाहिजे. मी जिंकले. मागे वळून पाहिलं तर मीनो खोक्यावर बसलेला, कोटाची बटणं सोडून.

"बाबांची थुंकली," तो म्हणाला, "आणि तुझं लोणच्याचं पाणी प्यायला."

मला स्वतःचीच लाज वाटली. सौदा पाडायला गेले होते, पाडलं ते भावाला. आठवडाभर तो माझ्याशी बोलला नाही, आणि मलाही अन्न गोड लागलं नाही.

पुढच्या शनिवारी रांगेत पुन्हा ओसियेल पहिला. हा माणूस इतका चिकट, की बुधला विसळून ते पाणीही पितो. आज त्याच्या बुधल्यात चांगली वीतभर वाइन.

"ही डेन्मार्कला," त्याने ऐटीत सांगितलं. रांगेत त्याच्या मागे पाहते तो प्रत्येकाच्या बुधल्यात वीत, दीड वीत. सगळं गाव कोपनहेगनला निघालेलं!

"मग घरी काय प्यायलात?" मी विचारलं.

"कमी प्यायलो. आता भरून दे. मीनो कुठाय?"

मीनो आत पिपं पुसत होता, दाराकडे पाठ करून. ओसियेल काठी टेकत थेट आत गेला. बाबांच्या पिपाची तोटी सोडून त्याने पेला भरला, मीनोसमोर उभा राहिला आणि घोट घेतला. तोंडात खेळवला. गाल फुगवले. मीनोने मान फिरवली.

मग म्हाताऱ्याने सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा घटकन आवाज करून तो गिळला आणि तोंड उघडून दाखवलं.

"बघ मेल्या. तुझ्या बापाची वाइन चाळीस वर्षं गिळतोय, एकदा तरी थुंकलो का?"

मीनो हसला आणि नाक पुसायला लागला, दोन्ही एकदमच. मग बाहेर आला, माझ्या हातातला बुधला काढून घेतला आणि म्हणाला, "सरक, नोल्फा. आज मी भरतो."