तिसऱ्या वर्गाचा बी.ए.

"अर्ज असा नुसता पाठवलास, तर पहिल्या चाळणीतच गळेल," गंगाधरपंत म्हणाले.

खिडकीजवळ उजेडात धरलेला मार्कांचा कागद त्यांनी खाली केला आणि चष्मा कपाळावर सरकवला. महिपती समोर उभा होता. गंगाधरपंत सोलापुरातल्या एका हायस्कुलाचे हेडमास्तर. करकंबहून आलेल्या या शेतकऱ्याच्या पोराला इंग्रजी त्यांनीच शिकवलं होतं आणि मॅट्रिकनंतर पुण्याच्या कॉलेजात त्यांनीच धाडलं होतं. तो इंटरला एकदा नापास झाला आणि पुढं बी.ए.ला तिसऱ्या वर्गात जेमतेम उतरला, तेव्हा पंतांनी त्याला एक शब्द विचारला नव्हता. आज सात वर्षांनी विचारायची वेळ आली होती.

महिपती आता एकतीस वर्षांचा होता आणि स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून होता. साड्यांचे, चादरींचे, सुताचे गठ्ठे कुठून आले आणि कुठं निघाले, हे पाळीभर लिहायचं, एवढंच त्याचं काम. मुंबईला व्यापारी शिक्षणाचं एक कॉलेज होतं. तिथं पदवीधरांसाठी मोजक्या जागा निघाल्याची जाहिरात त्यानं वाचली. वयाची अट बत्तीस वर्षांची होती, म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. अर्जासोबत दोन प्रतिष्ठित गृहस्थांची प्रशस्तिपत्रं हवी होती, आणि पदवीला वर्ग खालचा असल्यास त्याचं कारण.

"कारण काय लिहितोस?" पंतांनी विचारलं.

महिपतीनं सांगितलं की, कारण असं काही नाही. अभ्यास जमला नाही.

पंतांनी कागदाची घडी घातली. मग हलक्या आवाजात म्हणाले, "तुझे वडील धोंडीराम वारले ते साल कोणतं रे?"

"माझ्या परीक्षेनंतर दोन वर्षांनी, सर."

"तारीख कोण विचारतंय? वडिलांच्या निधनामुळं अभ्यासात खंड पडला, एवढंच लिही. वडील गेलेत, हे तर खरं आहे. मी माझ्या पत्रात त्याला पुष्टी देतो."

पंतांनी आयुष्यात कुणासाठी खोटं लिहिलं नव्हतं, हे महिपतीला ठाऊक होतं. 'विचार करतो' म्हणून तो निघाला खरा, पण शाळेच्या फाटकापर्यंत पोचेतो त्याचं ठरलं होतं. परीक्षेच्या वर्षी वडील चांगले धडधाकट होते. निकाल कळल्यावर गावभर गूळ वाटत फिरले होते. तिसरा वर्ग म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही सांगितलं नव्हतं. त्या माणसाला कागदावर दोन वर्षं आधी मारायचं, हे त्याच्यानं होण्यासारखं नव्हतं.

घरी बायकोला, मुक्ताबाईला, त्यानं सगळं सांगितलं. तिला लिहितावाचता येत नव्हतं, पण मुंबईचं ऐकल्यापासून तिनं मनाशी बेत करून ठेवला होता. शिक्षणाची दोन वर्षं ती मुलीला घेऊन करकंबला सासूजवळ राहणार होती.

"तुमी जावा की. माझी काळजी करू नगा," ती म्हणाली. मग चुलीतलं लाकूड मागं ओढत तिनं विचारलं, "पर तितं जाऊन शिकायचं काय? गाडीत माल चढिवणं तर तुमाला येतंच."

महिपतीला हा प्रश्न आवडला. तो म्हणाला, "माल कुठून कुठं जातो ते मी रोज लिहितो. तो तिकडंच का जातो, ते मला शिकायचंय."

दुसरं प्रशस्तिपत्र त्यानं चन्नवीरअण्णांकडं मागितलं. अण्णा साड्यांचे जुने व्यापारी. मोडी लिहीत, घरात कानडी बोलत. इंग्रजीचं अक्षर त्यांना ठाऊक नव्हतं. विजापूरकडच्या एका जत्रेला त्यांचे गठ्ठे दरवर्षी जात आणि निम्मे परत येत. चार वर्षांपूर्वी महिपतीनं आपणहून पेढीवर जाऊन त्यांना सांगितलं होतं की, दोष साड्यांत नाही, होटगीत आहे. सोलापूरशेजारच्या त्या स्टेशनावर मोठ्या रुळांची गाडी सोडावी लागते आणि विजापूरची लहान रुळांची सुरू होते. तिथं माल एका डब्यातून दुसऱ्यात भरेपर्यंत चार-चार दिवस पडून राहतो, आणि साड्या पोचतात तेव्हा जत्रेतले पाळणे उतरवत असतात. गठ्ठे बैलगाडीनं थेट होटगीलाच न्या आणि तिथं लहान गाडीत चढवा, असं तो म्हणाला होता. त्या साली एकही गठ्ठा परत आला नाही. अण्णांनी तेव्हा एक लुगडं देऊ केलं. ते त्यानं घेतलं नाही.

प्रशस्तिपत्र म्हणताच अण्णा अवघडले. सरकारी कॉलेजातले साहेब लोक, आपण सांगून काय उपयोग, असं दोनदा म्हणाले. मग बोरू मागवला, मांडी ठीक केली आणि अर्धा तास खपून आठ ओळी लिहिल्या. लिहून झाल्यावर स्वतःच मोठ्यानं वाचून दाखवल्या. त्यात होटगीची हकीकत होती आणि शेवटी लिहिलं होतं: 'हा मनुष्य न कळल्यास कळले नाही म्हणतो, व कळेपर्यंत विचारतो. असा दुसरा मनुष्य माझे पाहण्यात नाही.'

"बराबर हाय काय?" त्यांनी विचारलं. महिपतीनं मान हलवली.

पंतांनी त्या पत्राचं इंग्रजी करून दिलं. वडिलांची गोष्ट महिपतीनं नको म्हटल्यावर ते रागावले नाहीत. आपल्या पत्रात त्यांनी 'सचोटीचा' हा एक शब्द वाढवला. कारणाच्या जागी महिपतीनं एकच ओळ लिहिली: अभ्यास समाधानकारक झाला नाही.

जून महिन्यात भेटीचं बोलावणं आलं. मुक्ताबाईनं कोट धुऊन, तांब्यात निखारे घालून त्याला इस्त्री केली. मुंबईत महिपती एका मोठ्या खोलीत तीन गृहस्थांसमोर बसला. मधल्या खुर्चीवर इंग्रज साहेब, डावीकडं पारशी गृहस्थ आणि उजवीकडं पिकल्या मिशांचे एक मराठी प्राध्यापक. बोलणं सगळं इंग्रजीत चाललं होतं. साहेबांनी मार्कांचा कागद उचलला, इंटरचा नापास शेरा बघितला आणि 'कारण?' एवढंच विचारलं.

महिपती उत्तर जुळवतोय असं पाहून मराठी प्राध्यापक पुढं झुकले. घरी काही आपत्ती आली होती का, आजारपण, कुणाचा मृत्यू, असं त्यांनी विचारलं. प्रश्न मायेनं विचारलेला होता. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"नाही, सर," महिपती म्हणाला. "वर्गातलं इंग्रजी मला कळत नव्हतं. मी शेवटच्या बाकावर बसत होतो. कळत नाही असं सांगितलं तर मुलं हसतील, म्हणून कॉलेज संपेपर्यंत विचारलंच नाही."

"आणि आता?" पारशी गृहस्थांनी विचारलं.

"आता विचारतो."

ते गृहस्थ हसले. मग त्यांनी धक्क्यावरच्या कामाचं विचारलं आणि महिपती बोलत गेला. होटगीचं सांगितलं, कोणत्या स्टेशनचा माल पावसाळ्यात भिजतो आणि का भिजतो ते सांगितलं. मधेच एक इंग्रजी शब्द अडला, तर त्यानं तो प्राध्यापकांनाच विचारून घेतला. पाऊण तास गेला. साहेब मात्र अधूनमधून पुन्हा त्या मार्कांच्या कागदाकडं बघत होते. निघताना प्राध्यापक मराठीत म्हणाले, "तुम्ही सरळ बोललात. बरं वाटलं." परतीच्या गाडीत जेऊर स्टेशन मागं पडेपर्यंत महिपतीचा डोळा लागला नाही. तेच वाक्य तो मनात घोळवत होता.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात जाड पाकीट आलं. पोस्टमन गेल्यावर महिपतीनं ते फोडून वाचलं; मुक्ताबाईनं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि करकंबला न्यायचं म्हणून बांधलेलं भांड्यांचं गाठोडं सोडायला घेतलं. एकेक भांडं ती फळीवर लावू लागली. पत्र चार ओळींचं होतं. जागा पदवीच्या गुणांच्या क्रमानं भरल्या गेल्या, आपला क्रम लागू शकला नाही, खेद वाटतो, कागदपत्रं परत पाठवीत आहोत.

कागदपत्रं सगळी होती. अण्णांचं पत्र आणि त्याचं इंग्रजी, महिपतीनं घातली होती तशीच एकात एक घडी घालून टाचलेली होती. टाचणी कुणी काढली नव्हती. घडी उलगडलीच नव्हती.

गंगाधरपंतांनी चार ओळी दोनदा वाचल्या. "तेव्हा ते वडिलांचं—" असं म्हणून ते थांबले. महिपतीला फाटकापर्यंत पोचवायला मात्र आले. तसे ते कुणाला पोचवायला येत नसत.

चन्नवीरअण्णांकडं जायचं त्यानं दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी दुपारच्या पाळीआधी गेला. जागा मिळाली नाही, मार्क कमी पडले, असं उभ्याउभ्याच सांगितलं. अण्णांनी त्याला बस म्हटलं आणि पत्नीला, बसम्मांना, आत चहा टाकायला सांगितलं. कितीतरी वेळ ते समोरच्या लुगड्याची घडी उगाच नीट करत राहिले.

"मी लिवल्यालं वाचलं काय रे त्यांनी?" त्यांनी खाली बघतच विचारलं. "का माझ्या लिवण्यानंच काय बिघडलं?"

महिपतीनं त्यांच्याकडं बघितलं. सत्तरी गाठलेला माणूस, शाळेतल्या पोरासारखा उत्तराची वाट बघत होता.

"वाचलं, अण्णा," तो म्हणाला. "मधल्या साहेबांनी मोठ्यानं वाचलं. शेवटची ओळ दोनदा वाचली. असं पत्र आजवर कुणी आणलं नव्हतं म्हणाले."

"दोनदा?"

"दोनदा."

अण्णा उठून आत गेले. पडद्यापलीकडून कानडीतलं बोलणं ऐकू येऊ लागलं. मालधक्क्यावर राहून महिपतीला तेवढी कानडी कळत होती. मुंबईच्या साहेबानं आपलं पत्र वाचलं, असं अण्णा बसम्मांना सांगत होते. मग दोनदा वाचलं, हे सांगितलं. मग तिघे साहेब खुर्चीतून उठले, असं सांगितलं. बसम्मांनी काहीतरी विचारलं आणि अण्णा पहिल्यापासून पुन्हा सांगू लागले.

आतून आलेला चहा संपला होता. पाळीची वेळ होत आली होती. महिपती रिकामा पेला हातात धरून, आतलं बोलणं पुरं होईपर्यंत तसाच बसून राहिला.