साठ वाकडे शेंडे

फुलवालीच्या दिराने आयुष्यात पहिल्यांदाच कुणी न सांगता एक काम केलं आणि तिथेच घात झाला. हॉटेलच्या हॉलसाठी आणलेले ग्लॅडिओलाचे साठ दांडे बादल्यांत दाटीवाटीने उभे होते. त्याला त्यांची दया आली. दुकान बंद करताना त्याने ते खोक्यांत आडवे निजवले. सकाळी पाहावं तर साठच्या साठ शेंडे वर उचललेले, घरात पाहुणा आल्यावर आडवं माणूस उठून बसतं तसे.

हॉटेलचं हे पहिलंच काम. पाच वाजता मॅनेजरला दांडे सरळसोट दिसले, तर वर्षभर फुलं हिची; नाहीतर समोरच्या दुकानाची.

"वहिनी, हाताने सरळ करू?"

"भावजी, हात खिशात ठेवा."

वनस्पतिशास्त्राचे निवृत्त मास्तर रोज दुकानात फुकट पेपर वाचायला येत. त्यांनी चष्मा वर सरकवला.

"ऑक्झिन!"

"रोग आहे का?" तिने बादली लांब सारली.

"छे हो, संप्रेरक. शेंड्यात तयार होतं. दांडा आडवा पडला की खालच्या अंगाला साचतं. ते अंग जास्त वाढतं नि शेंडा वर वळतो."

"मास्तर, उपाय सांगा, परीक्षा नंतर घ्या!"

"दांडे उभे करा. आता शेंडे आडवे होतील, ऑक्झिन पुन्हा त्यांच्या खालच्या अंगाला जाईल, ते आपसूक वर येतील. पण अंधारात ठेवा. एका बाजूने उजेड आला तर ऑक्झिन सावलीच्या अंगाला सरकतं आणि मान उजेडाकडे वळते."

"पाचपर्यंत होतील?"

"ते पुस्तकात नाही," मास्तर म्हणाले आणि पेपरात शिरले.

बादल्या मागच्या खोलीत गेल्या. थोड्या वेळाने ती डोकावली, तर भावजी खिडकीच्या कडीशी.

"गुदमरतील बिचारे..."

"भावजी!"

कडी जागीच राहिली. बारा वाजता शेंडे तिरपे होते, दोनला जरा कमी तिरपे. चार वाजता तिने श्वास रोखून दार उघडलं. सत्तावन्न शेंडे छताकडे बघत होते. उरलेल्या तीन हट्टी दांड्यांचे वाकडे शेंडे तिने कापून टाकले नि ते आखूड दांडे हॉलमधल्या फुलदाणीत पुढच्या रांगेत खोचले.

पाच वाजता मॅनेजर हॉलभर फिरला. एका फुलदाणीपाशी थांबला तेव्हा तिने डोळेच मिटले.

"छान. सोमवारपासून रोज पाठवा."

बाहेर गाडीपाशी दीर नखं खात उभा होता. "वहिनी, काय झालं?"

"वर्षभराचं काम मिळालं."

एवढं बोलून तिने सकाळपासून आवरून धरलेलं तोंड सोडलं. त्याची अक्कल, त्याची दया, त्याची खिडकी, एकेक करून सगळं निघालं. तो मान खाली घालून निवांत ऐकत राहिला, आणि खिडकीच्या गोष्टीवर येता येता तिलाच हसू फुटलं.