पिठातली कणी

आमच्या कोइमतूरकडे इडलीचे पीठ वाटायच्या ग्राइंडरची कुंडी काळ्या दगडाची असते आणि तिच्यात फिरणारा गोटाही त्याच दगडाचा. त्या गोट्याला आम्ही कुळवी म्हणतो. तान्ह्या मुलालाही आमच्या भाषेत हाच शब्द आहे. माझ्या सासऱ्यांनी आम्हां दोघी जावांसाठी, म्हणजे मी वळ्ळियम्माळ आणि धाकटी सोर्णम, एकाच कारखान्यातून एकाच दिवशी दोन ग्राइंडर आणले. त्यानंतर घरातले पंखे बदलले, फ्रिज बदलले, एक जावईही बदलावा असे मनात येऊन गेले. ग्राइंडर बदलण्याचा प्रश्न कधी उद्भवला नाही. मोटरचा पट्टा तेवढा अधूनमधून नवा घालावा लागे.

माझ्या कुळवीला एक खोड होती. मुलगा कदिरवेल लहान असताना त्याने चालत्या कुंडीत कुलूप टाकले आणि कुळवीच्या कडेचा टवका उडाला. झिजून झिजून ती खाच पुढे डोळ्यांना दिसेनाशी झाली, पण प्रत्येक फेऱ्याला ‘टक’ असा आवाज मात्र राहिला. त्या आवाजावर माझी सकाळ चाले.

यंदा कदिरवेलने टेबलावर ठेवायचा छोटा ग्राइंडर आणला. “अम्मा, ते जुनं धूड भंगारात देऊ. उचलता उचलता पूंगोडीची कंबर जाईल.”

पूंगोडी माझी सून. ती खाली मान घालून मिरच्या निवडत राहिली, यावरून कल्पना कोणाची ते मी ओळखले.

“ज्या दिवशी या कुंडीतल्या पिठात कणी सापडेल,” मी म्हणाले, “त्या दिवशी तुझा खोका मी माझ्या हाताने उघडीन.”

खोका माळ्यावर गेला. माझा शब्द या घरात आजवर खाली पडलेला नाही, हे सर्वांना ठाऊक आहे.

मग आयुधपूजा आली. त्या दिवशी आम्ही राबणाऱ्या प्रत्येक वस्तूला न्हाऊ घालतो, विभूती-कुंकू लावतो आणि विश्रांती देतो. सोर्णमच्या घरी देवघराला रंग चालू होता, म्हणून तिची आयुधेही यंदा माझ्याकडे आली: विळी, शिलाईयंत्र, कुळवी. दुसऱ्या दिवशी तिच्या मुलाने ती परत नेली.

पूजेनंतरच्या पहिल्याच वाटणात पीठ बोटांवर घेतले, आणि कणी लागली.

माझा विश्वास बसेना. मी पीठ पुन्हा फिरवले. कणी तशीच. तांदूळ बदलले, उडीद बदलले, नळाला येणारे सिरुवाणी धरणाचे पाणी गाळून घेतले. कणी जाईना. त्याहून विचित्र म्हणजे ग्राइंडर गप्प झाला होता. ‘टक’ ऐकूच येईना. शेवटी मी असा निष्कर्ष काढला की माझे कान गेले; आणि कान गेल्यावर बोटांचा तरी काय भरवसा? कणी पिठात आहे की माझ्या म्हातारपणात, हेच मला कळेनासे झाले.

“पूंगोडी, उडीद नीट भिजवलेस का?”

“अत्तै, उडीद तेच, पाणी तेच, भिजवणारी मीच. मी काय त्यात वाळू कालवते?”

“तुमच्या माहेरच्या, ईरोडच्या हाताचा गुण असेल.”

“मग पूजेपर्यंत हा हात काय पाहुणा आला होता?”

मी तिला कढीपत्ता आणायला पाठवले. इडली नको, उपमा करू, म्हणत कदिरवेलला रोज नवे कारण सांगू लागले. तो माळ्याकडे पाही आणि मी त्याच्याकडे पाहत नसे.

आठवड्याभराने मी सोर्णमकडे गेले. तिच्या फाटकाशी पोचले, आणि जागीच थबकले.

टक. टक. टक.

माझे कान शाबूत होते. मी चपला न काढताच स्वयंपाकघरात शिरले. सोर्णमने घाईघाईने ओट्यावरची पिशवी पदराआड केली. ती दुकानातल्या तयार पिठाची पिशवी होती.

“सोर्णम! विकतचं पीठ?”

“ओरडू नकोस अक्का, शेजारी ऐकतील. पूजेपासून माझ्या ग्राइंडरला काय झालंय कळत नाही. नुसता टकटक करतो, आणि पीठ बघ, रवा निघतो रवा! वाटलं, तुझ्या घरची दृष्ट लागली.”

“दृष्ट नाही लागली. ही कुंडी तुझी आहे, पण कुळवी माझी आहे.”

सोर्णमने बटण बंद केले. इतकी वर्षे एकमेकांशी घासून झिजलेले दगड. परक्या कुंडीत परकी कुळवी बसणार कशी?

“म्हणजे माझं तान्हं आठवडाभर तुझ्या घरी?” ती म्हणाली. “आणि तू, त्याची थोरली आई, तुला ओळखता आलं नाही?”

“तुला आलं?”

“मला वाटलं, पूजेचं कुंकू खाऊन त्याला वाचा फुटली.”

हसता हसता ती खाली बसली. मीही बसले, पण मला हसू येईना.

संध्याकाळी मुलांनी कुळव्यांची अदलाबदल केली. माझ्या कुंडीत ‘टक’ परतली, आणि पीठ लोण्यासारखे उतरले. कदिरवेलने ते बोटावर घेऊन पाहिले. “जिंकलीस, अम्मा. खोका दुकानात परत करतो.”

मी त्याला थांबवले. कणी सापडली होती, हे खरे. माझ्या कुंडीत सापडली होती, हेही खरे. ती माझ्या कुळवीची नव्हती, पण शब्द देताना मी कुळवीचे नावच काढले नव्हते. हा गुंता जितका सोडवावा तितका वाढत गेला.

“विळी आण,” मी पूंगोडीला म्हणाले.

खोक्याची दोरी मी माझ्या हाताने कापली. आत चकचकीत पातेले, आणि त्यात दोन इवल्या कुळव्या.

“अगं बाई, जुळं!” सोर्णम म्हणाली.

“मग जुना भंगारात?” कदिरवेलने विचारले.

“खोका उघडीन असं म्हणाले होते. भंगाराचं मी काही बोलले असेन तर आठवण करून दे.”

पूंगोडीने जुळे आपल्या बाजूच्या ओट्यावर मांडले आणि चटणीचे खोबरे आत टाकले. पलीकडे माझी कुंडी फिरत होती. दोन्हींचा आवाज एकात एक मिसळला, आणि आता कोण टकटकते आहे हे मला पुन्हा नीट कळेना.