योनोकबाईंच्या फळ्या

घोडेकान खडकापाशी ग्युतेकची होडी उलटली, तेव्हा मी सोक्वादो बेटावर पोस्टमास्तर होतो. होडी मिळाली. ग्युतेक मिळाला नाही.

तीन आठवड्यांनी त्याची आई, माक्सून आजी, देवऋषिणीला घेऊन किनाऱ्यावर आली. बुडालेल्याचा आत्मा पाण्यातून वर काढला नाही तर तो भटकत राहतो, असं आमच्याकडे सगळेच मानतात. मीही मानायचो. चटई अंथरली, भात आणि सुकी मासळी मांडली. आता बायकोने पांढऱ्या कापडाचं टोक पाण्यात सोडायचं. ग्युतेकची बायको योनोक शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांनी कापडाला हातच लावला नाही.

"आई, तुम्ही करा. मी नाही करणार."

"का? तुझा कुणी नव्हता का तो?"

"होता. म्हणूनच त्याच्याबाबतीत मला खोटं वागता येत नाही."

देवऋषीण हसली. "एवढं शिकलीस ना बाई, मग सांग. समुद्राने तुझ्याच नवऱ्याला का नेलं?"

"समुद्राला माझा नवरा माहीतसुद्धा नव्हता," योनोकबाई म्हणाल्या. "का नेलं, याला उत्तरच नाही. कुठे नेलं, याला आहे. ते मी शोधणार."

आणि सगळ्या गावादेखत त्या घरी निघून गेल्या.

पुढच्या महिन्यात त्या पोस्टात आल्या. पिशवीत तळहाताएवढ्या लाकडी फळ्या होत्या, लाल रंगवलेल्या. प्रत्येकीवर नंबर डागलेला आणि खाली मजकूर: ज्याला सापडेल त्याने दिवस आणि जागा सोक्वादो पोस्टाला कळवावी. दर शनिवारी शाळा सुटली की त्या गावप्रमुख नोह यांच्या होडीतून घोडेकानला जायच्या, भरती-ओहोटीची वेळ वहीत टिपायच्या आणि तीन-चार फळ्या पाण्यात सोडायच्या.

धक्क्यावरच्या बायका जाळी विणता विणता टोमणे मारायच्या. "काय गं, आज नवऱ्याला पत्र टाकलंस का?"

"टाकलं," त्या म्हणायच्या. "तुमच्या नवऱ्यांसाठीही उपयोगी पडेल."

एकदा मला राहवलं नाही. "बाई, समजा कळलं कुठे गेला ते. ग्युतेक परत येणार आहे का?"

"नाही."

"मग हा सगळा खटाटोप कशासाठी?"

"पोस्टमास्तर, मी का जगावं, हे मला वरून कुणी लिहून पाठवलेलं नाही. आधी त्याचा फार राग आला होता. आता वाटतं, बरंच झालं. मी माझं काम मीच ठरवलं."

ओहोटीचं पाणी पश्चिमेला जातं, म्हणून ग्युतेकला सगळ्यांनी पश्चिमेलाच शोधलं होतं. बाईंचाही अंदाज तोच. पण आठ महिन्यांत पश्चिमेकडून जेमतेम तीन कार्डं आली. मग समुद्री शेवाळ गोळा करणाऱ्या एका बाईचं कार्ड आलं: पूर्वेच्या पाणकावळ्यांच्या बेटावर, दगडांच्या खाचेत, एकदम सव्वीस फळ्या. मी ते वाचून दाखवलं, तशा योनोकबाई काउंटरला धरून हसत सुटल्या. नवरा गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"चुकले! साफ चुकले! खडकामागे पाणी उलटं फिरतंय!"

तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरात, भर दुपारी, दोन भावांची होडी घोडेकानपाशीच उलटली. सगळ्या होड्या पश्चिमेला निघाल्या. योनोकबाई वही घेऊन धक्क्यावर धावत आल्या.

"बाई, आत्ता नको," नोह ओरडले.

"ओहोटी लागून तीन तास झालेत, खडकामागचं पाणी आता पूर्वेला फिरलंय. तुम्ही खुशाल पश्चिमेला जा. एक होडी मला द्या."

"आणि चुकलात तर?"

"तर चुकले म्हणून सांगेन. सवय आहे मला."

त्या होडीत मीही चढलो. पाणकावळ्यांच्या बेटाच्या अलीकडे जाळ्याचा एक तरंगता गोळा दिसला आणि त्याला मिठी मारलेला धाकटा, दोक्पे. ओठ निळे पडले होते, पण श्वास चालू होता. थोरला आम्हाला शेवटपर्यंत मिळाला नाही.

पंधरा दिवसांनी गावजेवण झालं. देवऋषीण उठली आणि तिने सांगून टाकलं, की ग्युतेकच्या आत्म्यानेच आपल्या बायकोला वाट दाखवली. लोकांनी माना झुकवल्या. माक्सून आजी रडू लागली. एवढं ऐकून घेतलं असतं तर बाईंना त्या दिवशी अख्ख्या गावाने डोक्यावर घेतलं असतं.

"नाही," योनोकबाई म्हणाल्या.



"ग्युतेकने धाकट्याला वाचवलं म्हणता. मग थोरल्याने त्याचं काय वाकडं केलं होतं? त्याची बायको इथे बसलीय. तिला सांगा ना! वाट चारशे अठरा फळ्यांनी दाखवली. त्यातल्या तीनशे कुठे गेल्या, मला ठाऊक नाही. थोरला कुठे गेला, तेही नाही. कळेपर्यंत मी थांबणार नाही."

आजीने हातातला वाडगा आपटला. "माझ्या पोराचं एवढंही चांगलं होऊ देत नाहीस?"

बाईंचा चेहरा पडला. आवाज मात्र खाली आला नाही. "आई, तुमचा मुलगा जिवंतपणीच चांगला होता. मेल्यावर त्याला आणखी कामाला लावू नका."

आजी महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. तरी दोघी एकाच टेबलावर जेवायच्या. थोरल्याची बायको मात्र एका सकाळी बाईंच्या दारात आली, बराच वेळ त्यांचा हात धरून बसली आणि निघून गेली.

नंतरच्या शनिवारी वारा बोचरा होता. नोह पाठदुखीचं निमित्त करून आलेच नाहीत. बाई एकट्याच पिशवी घेऊन धक्क्यावर उभ्या होत्या, तेवढ्यात दोक्पे आला आणि होडीचा दोर सोडू लागला.

"बाई, एक सांगू? रागावू नका. मला अजून वाटतं, ग्युतेकदादानेच मला वाचवलं."

"वाटू दे," योनोकबाई होडीत उतरत म्हणाल्या. "वल्हं धर."