मधल्या ओळीपासून

कॅसिओवर कागद ठेवून वाजवलेलं तात्यांना अजिबात खपत नसे. तात्या म्हणजे माझे वडील, साहेबराव, सांगवीच्या आमच्या गायन पार्टीचे गायक. "कागदाकडं बघणारा माझ्या तोंडाकडं बघत न्हाय," म्हणायचे. कॅसिओ वाजवणारा माझा चुलतभाऊ विकी एमआयडीसीत कामाला लागला, म्हणून चौऱ्याण्णव सालच्या बुद्धजयंतीला इंदापूरच्या स्टेजवर मला बसवलं. सरगम लिहिलेले माझे कागद त्यांनी जीपमध्येच काढून घेतले आणि सगळ्यांदेखत बजावलं, "आज अडलीस तर उद्यापास्नं विकी बसंल, रजा काढून का हुईना. तू परत कोरसात."

असा राग आला की सांगायची सोय नाही. कोरसात टाळ्या वाजवण्यात माझं निम्मं लहानपण गेलं होतं. परत तिथं जाणार नव्हते मी! सगळी गाणी घोकून ठेवली होती, पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत. डोळे मिटून वाजवून दाखवलं असतं.

पहिला अंतरा छान गेला. विकी रजा काढून आला होता, स्टेजच्या कडेला हाताची घडी घालून उभा होता. दुसऱ्या अंतऱ्याच्या मध्यावर एक म्हातारबाबा नोट घेऊन पुढे आले आणि तात्यांनी हात वर केला. ढोलकी थांबली, मीही थांबले. बक्षीस आलं की गाणं थांबवायचं, देणाऱ्याचं नाव पुकारायचं, मग सोडलेल्या ओळीपासून पुढं गायचं, ही आमची रीतच. पण घरी तालमीत कोण बक्षीस देणार? मधूनच सुरू करून मी कधी बघितलंच नव्हतं.

"म्हस्कू आबांकडून बक्षीस! पार्टी आभारी हाय!"

तात्या पुकारत होते आणि मी मनातल्या मनात गाणं पहिल्यापासून पळवत होते. ओळ सापडायच्या आत नाव संपलं. बोटं पट्ट्यांवर होती, पण कुठल्या पट्टीपासून? विकीनं घडी सोडली, एक पाऊल पुढे टाकलं. मेल्या, थांब की जरा!

कागद नव्हता, म्हणून तात्यांकडं बघितलं. त्यांनी श्वास घेतला. कोरसात हा श्वास बघूनच तर आम्ही तोंड उघडायचो! ओळ माझ्या गळ्यात आली आणि बोटं तिच्यामागं गेली. विकी मागं सरकला.

तिसऱ्या अंतऱ्यात, ऐन ओळीच्या मधोमध, तात्यांनी पुन्हा हात वर केला. समोर कुणीच आलं नव्हतं. त्यांनी स्वतःच्याच खिशातून नोट काढली.

"सांगवीच्या साहेबरावांकडून, कॅसिओवर बसलेल्या करुणाला बक्षीस!"

टाळ्या पडल्या. कोरसात बसलेली आई रडायलाच लागली. मी नाही. बक्षीस कसलं, पुन्हा परीक्षाच होती ती. माणूस ओळखत होते मी. नोट घ्यायला हात उचललाच नाही. पट्ट्यांवरच ठेवला आणि त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले.

तात्यांनी नोट कॅसिओवर ठेवली, मी कागद ठेवायचे त्याच जागी. मग श्वास घेतला, आणि आम्ही दोघं एकदमच सुरू झालो.