कड्यातला दोष

प्रताप नगरातल्या त्या सभागृहात चपला ठेवायलाही जागा नव्हती. व्यासपीठावर ऊर्जागुरू गिरिधर महाराज, पुढ्यात वीज मोजायचं मल्टिमीटर. भक्तानं हातातलं तांब्याचं कडं उतरवायचं, महाराजांनी मीटरची दोन टोकं त्याला लावायची, की आकडा यायचा ०.६ ओहम. आठवडाभरात कड्यानं शरीरातला तेवढा दोष शोषला म्हणे! मग महाराज मीटर मुठीत धरून मंत्र पुटपुटत आणि आकडा ०.० होई. लोक हात जोडत.

मागच्या रांगेतले वामनराव मात्र महाराजांच्या अंगठ्यावर डोळा ठेवून होते. खापरखेड्याच्या वीज केंद्रात त्यांनी तीस वर्षं चाचणीचं काम केलं होतं. घरातही काही वाद झाला की मीटर लावायचं आणि मीटर सांगेल ते ऐकायचं, असा शिरस्ता त्यांनीच पाडला होता. तो आता अंगाशी आला होता. सुईमुळे दोष आत कोंडतो असं महाराजांनी सांगितल्यापासून, म्हणजे आठ दिवस, त्यांच्या पत्नी शोभाताईंनी इन्सुलिन बंद केलं होतं. वामनराव रागावले, विनवण्या करून थकले. शोभाताईंचं एकच म्हणणं, "तुमचं मीटर खरं अन् त्यायचं खोटं काहून?" त्या दिवसेंदिवस सुकत चालल्या होत्या आणि वामनरावांचा जीव टांगणीला लागला होता.

शोभाताईंची पाळी आली. आकडा तोच, ०.६. महाराज मंत्र सुरू करणार तोच वामनराव पुढे झाले.

"महाराज, कडं बाजूले ठेवा. अन् दोन्ही टोकं नुसती एकमेकाले टेकवा."

महाराज मधाळ हसले. ऊर्जा हा श्रद्धेचा विषय आहे, कारखान्याचा नाही, असं बरंच काही बोलले. टोकं मात्र त्यांनी टेकवली नाहीत. ते शोभाताईंना खटकलं. त्यांनीच ती उचलून एकमेकांना भिडवली. मध्ये कडं नाही, काही नाही, तरी आकडा ०.६!

"आता हा दोष कोणाचा, महाराज?" त्यांनी विचारलं.

"मीटरच्या तारांचा," वामनराव म्हणाले. "अन् यांच्या अंगठ्याखाली आधीचा आकडा वजा करायचं बटण आहे. दाबून पाह्य." शोभाताईंनी टोकं तशीच धरून बटण दाबलं. मंत्राशिवाय ०.० झालं.

मग वामनरावांनी जुन्या सहकाऱ्याकडून मागून आणलेलं चार तारांचं यंत्र काढलं. तांब्याचा विजेला विरोध इतका कमी, की साध्या मीटरला तो दिसतच नाही, दिसतो तो तारांचा. या यंत्रात दोन तारा वीज पुरवतात आणि दुसऱ्या दोन थेट कड्यावरच मोजतात, म्हणून तारांचा विरोध हिशेबात येत नाही. कड्याचा आकडा आला एका ओहमच्या दहा हजार भागांतले जेमतेम तीन. वामनरावांनी महाराजांना मुद्दाम मंत्र म्हणायला लावला. तरीही तीनच.

घरी शोभाताईंनी साखर तपासली. चारशे बारा.

"डॉक्टरले फोन लावा," त्या म्हणाल्या, "मले भेव लागून राहिलं."

यंत्राचा आकडा पुढे करून कोणी तुमचं औषध सोडायला सांगितलं, तर आधी विचारा, काहीच न मोजता हे यंत्र काय दाखवतं? आणि त्याचं उत्तर काहीही येवो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका.