बदाम सत्ती कोणाकडे?

पत्त्यांत लबाडी करणारा माणूस माझ्या डोक्यात जातो. पैसे लावून खेळणाऱ्यांचं सोडा, ते त्यांचं ते बघून घेतील. पण रविवारी दुपारी सतरंजीवर बसून, शेंगा फोडत, बदाम सात खेळताना जो माणूस पान दाबतो त्याच्या मनात नक्की असतं तरी काय? जिंकून मिळायचं काही नाही. हरेल त्याने सगळ्यांसाठी चहा करायचा, एवढीच काय ती शिक्षा. विजय, म्हणजे माझा नवरा, म्हणतो की मी शाळेत शिकवते, परीक्षेच्या हॉलवर पहारा करते, म्हणून मला सगळीकडे कॉपी करणारेच दिसतात. असेल तसं. पण एकदा दिसला की मी सोडत नाही, आणि या गोष्टीचा मला पंचाण्णव सालच्या हिवाळ्यापर्यंत अभिमानच होता.

आम्ही लखनौला येऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. विजय बँकेत. आमच्या घराला मोठी गच्ची होती, त्यामुळे रविवारचा अड्डा आमच्याकडे. येणारे तीनच. एक सतीश, चिनहटच्या एका कारखान्यात होता, बायको-मुलं कोल्हापूरला ठेवून एकटा राहायचा. आणि दुसरं श्रीरंग आणि पद्मा हे जोडपं, रेल्वे कॉलनीतलं. श्रीरंगभावजी सिग्नल खात्यात इंजिनिअर. मूलबाळ नाही, नातलग सगळे तिकडे अकोल्याला. पद्मा एकदा भांडी आवरता आवरता मला म्हणाली होती, "शर्मिष्ठाताई, आठवडाभर तोंडात नुसती हिंदी. रविवारी इथे आलं की जरा माणसांत आल्यासारखं वाटतं." तिला दुसरं कुठलंच घर नव्हतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर पुढचं सांगताना माझी मलाच लाज वाटते.

पंचाण्णव सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ही दोघं आलीच नाहीत. लाइनवर ड्यूटी आहे, असं भावजींनी फोनवर सांगितलं. डिसेंबरात परत यायला लागली तेव्हा भावजी चांगलेच वाळले होते. बाहेरचं खाऊन तब्येत बिघडली म्हणाले. पहिल्याच रविवारी, सतरा डिसेंबरला, बदामाची अठ्ठी खाली लागलेली असताना ते तीन वेळा "पास" म्हणाले. डाव संपल्यावर सगळ्यांनी उरलेले पत्ते उघडे केले, तर यांच्या हातात बदाम नव्वी!

बदाम साताला मुळात नियम तरी किती? बदाम सत्ती ज्याच्याकडे असेल त्याने डाव उघडायचा. मग त्याच रंगाची पानं एका बाजूला अठ्ठी, नव्वी अशी चढत आणि दुसऱ्या बाजूला छक्की, पंजी अशी उतरत लावायची. लावण्यासारखं पान हातात असेल तर ते लावलंच पाहिजे. ते दाबून पास म्हणायचं नाही, कारण त्या एका पानापायी बाकीच्यांची पुढची सगळी पानं अडकतात. हे आमच्या अकरा वर्षांच्या अनुष्कालाही कळतं.

त्या दिवशी मी गप्प बसले. माणूस आजारातून उठलाय, जाऊ दे म्हटलं. पण चोवीस तारखेला त्यांनी बदाम नव्वीवर बिनदिक्कत इस्पिक दश्शी लावली आणि सतीशने टोकल्यावर "अरेच्चा!" म्हणून उचलून घेतली. एकतीसला पुन्हा दोनदा पान दाबलं. सात जानेवारीला एकदा, चौदाला तीनदा. मी कुठे लिहून ठेवत नव्हते, पण माझ्या डोक्यात पक्कं बसत होतं. दर रविवारी ते गेले की मी विजयचं डोकं खायची.

"अगं, चहा करायला लागू नये म्हणून करत असतील," तो म्हणायचा.

"मग चहा मी करते, पण लबाडी नको. आता एकदा जरी झालं ना, तर तोंडावर सांगणार आहे, पुढच्या रविवारपासून येऊ नका म्हणून."

"आणि पद्मावहिनी?"

"पद्माचं मला वाईट वाटेल," मी म्हटलं. खरंच वाटलं असतं. पण तरी मी सांगणार होते.

एकवीस जानेवारीला आठवडाभराचं धुकं फिटून कडक ऊन पडलं होतं. गच्चीवर सतरंजी, मध्ये काळं मीठ लावलेल्या पेरूच्या फोडी. सतीशने अमीनाबादच्या बाजारातून नवा कोरा कॅट आणला होता, जुन्याचे कोपरे गेले होते म्हणून. पद्मा नवी लालभडक शाल पांघरून आली होती आणि तिला ती छान दिसत होती. आम्ही सहाजण गोल बसलो. विजयने पत्ते वाटले. सगळ्यांनी आपापले पत्ते लावून घेतले.

"हं, बदाम सत्ती कोणाकडे?" मी विचारलं.

कोणी पान टाकेना.

"अरे, काढा ना. कोणाकडे आहे?"

"मेरे पास नहीं है," अनुष्का म्हणाली. सतीशने मान हलवली. पद्मा नाही म्हणाली. विजयने स्वतःचे पत्ते पुन्हा चाळले. भावजींनी आपल्या हाताकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "माझ्याकडे नाही, वहिनी."

"नया है यार, फॅक्टरीतूनच कमी आला असेल," सतीश म्हणाला. आम्ही सतरंजी झटकली, पेरूची ताटली उचलून बघितली, कॅटचा रिकामा खोका उलटा केला. तेवढ्यात मी भावजींच्या मागून जात होते. सहज माझी नजर त्यांच्या हातावर गेली, आणि मी जागच्या जागी थांबले. पंख्यासारख्या धरलेल्या पत्त्यांच्या बरोब्बर मधोमध बदाम सत्ती होती.

माझं डोकंच फिरलं. पान दाबणं वेगळं आणि सगळे शोधाशोध करत असताना हातात धरून नाही म्हणणं वेगळं. मी ते पान त्यांच्या हातातून ओढून काढलं आणि सतरंजीवर आपटलं.

"ही काय आहे?"

भावजींनी खाली बघितलं. "सत्ती आहे. इस्पिकची."

"इस्पिकची?"

"म्हणजे काय! काळी दिसतेय की." ते हसले. ते हसणं मला इतकं निलाजरं वाटलं की मी सुटलेच. सतरा डिसेंबरपासूनचं सगळं सगळं बाहेर काढलं. कोणत्या रविवारी कुठलं पान दाबलं, कुठल्या पानावर कुठलं लावलं. पद्मासमोर, सतीशसमोर, माझ्या मुलीसमोर. "घरी बोलावतो, जीव लावतो, त्याची ही परतफेड? पुढच्या रविवारपासून यायची काही गरज नाही!"

"शर्मिष्ठा!" विजय ओरडला.

पद्मा पांढरीफटक पडली. भावजी मात्र चिडले नाहीत. ते गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. "वहिनी, देवाशपथ सांगतो, ही इस्पिकच आहे."

आता बघाच, असं म्हणून मी खाली बसले आणि एकेक पान त्यांच्या तोंडासमोर धरू लागले. वर्गात कॉपी पकडल्यावर करते तसंच. मला त्यांना सगळ्यांसमोर खोटं पाडायचं होतं. बदामाची पंजी धरली. "इस्पिक," ते म्हणाले. बदामाचा एक्का धरला. त्यांनी मान जरा तिरकी केली, पान जवळ घेतलं, लांब नेलं. "इस्पिक एक्का." चौकटची छक्की. "किलवर... नाही, थांबा. मधे नीट दिसत नाहीये." खरीखुरी इस्पिक तिर्री धरली. "ही पण इस्पिकच. वहिनी, सगळी इस्पिकच का दाखवताय?"

माझा हात तसाच हवेत राहिला. कडक ऊन होतं, पान त्यांच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होतं, आणि या माणसाला लाल आणि काळा कळत नव्हता. सतीशने तोंडाकडे नेलेली पेरूची फोड हळूच खाली ठेवली.

विजय सावरून म्हणाला, "श्रीरंग, पद्मावहिनींच्या शालीचा रंग कोणता आहे?"

"करडा," भावजी लगेच म्हणाले. "मीच तर आणली गेल्या आठवड्यात. चांगली करडी बघून घेतली, मळखाऊ म्हणून."

पद्माने आपल्या खांद्यावरच्या लाल शालीकडे बघितलं. "मला वाटलं, मला लाल आवडतो म्हणून तुम्ही..." एवढं बोलून ती थांबली. मग तिने दोन्ही हात तोंडावर घेतले. "अहो! त्या गोळ्या!"

"पद्मा, गप्प बस."

"नाही बसत गप्प. आता कशाला?" ती माझ्याकडे वळली. "ताई, हे लाइनवर नव्हते. यांना टीबी झालाय. दोन महिने घरीच होते. गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांनी सांगितलं, आता कोणाला लागण होणार नाही, तेव्हाच आम्ही यायला लागलो. गोळ्या देताना त्यांनी बजावलं होतं, एका गोळीने डोळ्याची नस खराब होऊ शकते, रंग फिके वाटले तर त्याच दिवशी या."

"मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला," भावजी पुटपुटले. "हळूहळूच होत गेलं ना. आणि सध्या ऑफिसात नुसते नकाशे असतात, काळ्या शाईचे."

"आम्हाला सांगितलं का नाही?" विजयने विचारलं.

पद्माच म्हणाली, "टीबी म्हटल्यावर कोण बोलावतं घरी? आमच्या कॉलनीत एकाला झाला तर त्याची कपबशी वेगळी ठेवली. इथलं येणं बंद झालं असतं तर आम्ही कुठे गेलो असतो?"

खरं सांगते, टीबी हा शब्द ऐकला त्या क्षणी मी पहिल्यांदा अनुष्काकडे बघितलं आणि ती कुठल्या पेल्यातून पाणी प्यायली ते आठवू लागले. पुढच्याच क्षणी मला स्वतःची किळस आली. ज्या भीतीने ही माणसं इतके महिने खोटं बोलत होती ती अगदी बरोबर होती, आणि ज्या गोष्टीसाठी मी त्यांना हाकललं होतं ती त्यांनी केलीच नव्हती. सतीश एकाएकी म्हणाला, "भाऊ, सिग्नलवाल्याचे डोळे..." आणि पुढचं त्याने गिळलं. ते सगळ्यांनाच कळलं होतं. लाल-हिरवा न कळणारा माणूस सिग्नल खात्यात काय करणार?

"आजची ती गोळी घेतली का?" मी विचारलं.

"रात्री घेतो."

"ती घ्यायची नाही. डॉक्टर बघेपर्यंत ती एक घ्यायची नाही."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर इस्पितळात गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं. पद्मा रिक्षात माझ्याशी एक शब्द बोलली नाही आणि ते योग्यच होतं. डोळ्यांच्या विभागात एक प्रौढ डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी भावजींना रंगीत ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं, त्यातले आकडे वाचायला सांगितले. बारा पानांतलं त्यांना एकच वाचता आलं. बाईंनी विजेरी डोळ्यांत मारून बराच वेळ बघितलं, मग गोळ्यांच्या पाकिटातली एक पट्टी बाजूला काढून स्वतःच्या खणात टाकली.

"ये आज से बंद. बाक़ी दवा चलेगी, टीबी के डॉक्टर साहब से मैं बात कर लूँगी," त्या म्हणाल्या. "अब ठीक-ठीक बताइए, शुरू कब से हुआ?"

"कल ही पता चला, मॅडम," भावजी म्हणाले.

"कल पता चला होगा. शुरू कब हुआ, ये जानना ज़रूरी है."

भावजींनी पद्माकडे बघितलं. पद्माला काहीच माहीत नव्हतं. भिंतीला टेकून मी उभी होते. मी म्हटलं, "सत्रह दिसंबर."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. मी सांगत गेले. सतराला एक लाल पान ओळखता आलं नाही, तीन वेळा. चोवीसला लालवर काळं लावलं. एकतीसला दोन चुका, सातला एक, चौदाला तीन, काल सगळ्याच. त्या भरभर लिहून घेत होत्या. इतकी तपशीलवार माहिती त्यांना क्वचितच कोणी दिली असेल.

"पाँच हफ़्ते," त्यांनी पेन खाली ठेवलं. "देखिए, उसी दिन गोली रुक जाती तो मैं बेफ़िक्र होकर कह देती कि रंग लौट आएँगे. अब भी लौट सकते हैं. महीनों लगेंगे. कितने लौटेंगे, ये मैं वादा नहीं कर सकती." मग त्यांनी मला विचारलं, "आपने इतना सब देखा, तो इनको बताया क्यों नहीं?"



भावजी स्टुलावरून माझ्याकडे वळले. त्यांना माझा चेहरा नीट दिसत नव्हता, म्हणून ते माझ्या जरा बाजूला बघत बोलले. "वहिनी, पहिल्या रविवारपासून तुमच्या लक्षात येत होतं?"

"हो," मी म्हटलं. "मी तुम्हाला पकडायची वाट बघत होते."